पहिला फटका आणि दुसरा : दादागिरी सोसणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला मुलगा बारा वर्षांचा, सातवीतला. कोणाची ओळख पटू नये म्हणून इथे एकही नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. त्याला आपण ‘मुलगा’ म्हणू. त्रास सुरू करणाऱ्याला ‘म्होरक्या’, आणि कायम त्याच्या मागेपुढे असणाऱ्या दोघांना ‘साथीदार’. मारामारी होऊन गेल्यावर शाळेने मला समुपदेशक म्हणून बोलावलं. त्याआधीचं जे इथे लिहिलं आहे ते मुलगा, त्याचे आईवडील, वर्गशिक्षिका आणि वर्गातली काही मुलं यांच्याशी वेगवेगळं बोलून जुळवलेलं आहे.

मुलगा अभ्यासात बरा, बोलायला कमी. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसणारा. सहावीपर्यंत त्याचे दोन जिवलग मित्र होते. सातवीत तुकड्या नव्याने पाडल्या, ते दोघे दुसऱ्या तुकडीत गेले आणि हा एकटा पडला. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, ते मूल सगळ्यात सोपं सावज असतं. त्याचा दुबळेपणा किंवा उंची हा भाग नंतरचा.

म्होरक्या उंचीने मोठा होता, खेळात पुढे होता, बोलण्यात तरबेज होता आणि शिक्षकांचाही आवडता होता. दादागिरी करणारं मूल म्हणजे घरी मार खाणारं, आतून दुखावलेलं मूल, असं आपण पटकन गृहीत धरतो. काही वेळा ते खरंही असतं. इथे मात्र तसं काही हाती लागलं नाही. त्याला हे सगळं गमतीचं वाटत होतं, आणि त्या गमतीला रोज प्रेक्षक मिळत होते.

त्रास कसा वाढत गेला

सुरुवात किरकोळ होती. कंपासपेटी लपवायची. मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला की मागून चित्रविचित्र आवाज काढायचे. तो बसायला लागला की बाक मागे ओढायचा. वर्ग हसायचा. पहिल्या काही वेळा मुलगाही हसला, कारण हसण्यावारी नेलं की संपतं असं त्याला वाटलं. संपलं नाही.

महिन्याभरात त्याची जागा ठरली, वेळ ठरली. शाळा सुटल्यावर मागच्या जिन्याच्या वळणावर तिघं थांबायचे. एक जण दप्तराचा पट्टा धरायचा, दुसरा वाट अडवायचा आणि म्होरक्या सांगेल ते वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. ‘मी घाबरट आहे.’ मग तेच वाक्य त्याहून मोठ्याने. वरून उतरणारी मुलं बाजूने निघून जायची, काही थांबून बघायची.

आईला सुगावा लागला तो शर्टावरून. खिशाजवळची शिवण उसवली होती आणि पांढऱ्या कापडावर कोणीतरी काळ्या दोऱ्याने, मोठमोठे वाकडे टाके घालून ती शिवली होती. दोऱ्याची गाठ बाहेरच्या बाजूला राहिली होती. तिने विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘पडलो होतो.’ बारा वर्षांचं पोर स्वतःच्या हाताने सुई ओवून शर्ट शिवतं, ते कशापायी, हा प्रश्न तिने सोडला नाही. दोन दिवसांनी त्याने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं.

घरातले दोन सल्ले

आई म्हणाली, ‘दुर्लक्ष कर. तू लक्षच दिलं नाहीस की कंटाळून थांबतील.’ वडील म्हणाले, ‘एकदा कानाखाली वाजव. परत वाटेला जाणार नाहीत.’

दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले होते. वडिलांचा सल्ला हवेतून आलेला नव्हता. त्यांना स्वतःला शाळेत एका मुलाने सतावलं होतं, एके दिवशी त्यांनी त्याला धरून मारलं आणि त्या दिवसापासून तो त्रास बंद झाला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मी त्यांना एकच विचारलं, तो मुलगा एकटा होता की त्याच्याबरोबर कोणी होतं? एकटाच होता, ते म्हणाले. तुमच्यापेक्षा अंगाने मोठा? नाही, माझ्याएवढाच.

इथेच फरक आहे. सारख्या ताकदीच्या दोघांमध्ये एकाने उलट हात उचलला तर हिशेब मिटू शकतो. त्यांच्या बाबतीत तो मिटला. पण नॉर्वेत काम केलेले संशोधक डॅन ऑल्विअस यांनी १९७०च्या दशकापासून जो प्रकार अभ्यासला, त्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. संख्या, वर्गातलं वजन, शिक्षकांचा विश्वास हेही त्यात आलं. जिन्यावर एकाविरुद्ध तिघं होते आणि बघणारी मुलं त्या तिघांच्या बाजूने हसत होती. वडिलांची आठवण खरी होती, फक्त ती वेगळ्या प्रकारच्या भांडणाची होती.

‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला एकट्या शब्दांच्या चिडवण्याला कधी कधी चालतो. ज्याचा पट्टा धरून ठेवला आहे त्याने दुर्लक्ष कसं करायचं? मुलाने हे आईला विचारलंही होतं. तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मग त्याने विचारणं बंद केलं.

पहिली तक्रार आणि तिचं काय झालं

आई शाळेत गेली आणि वर्गशिक्षिकेला तोंडी सांगून आली. वर्गशिक्षिका मनाने चांगल्या, कामाने गांजलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात मुलाला उभं केलं आणि विचारलं, ‘तुला कोण त्रास देतं? सांग बरं सगळ्यांसमोर.’ म्होरक्या तिसऱ्या बाकावर होता. मुलगा म्हणाला, ‘कोणी नाही, बाई.’

या एका प्रश्नाने तक्रारीचा दरवाजाच बंद झाला. त्या दिवसापासून मुलाला ‘चुगलीखोर’ हे नवं नाव मिळालं आणि जिन्यावरचा मुक्काम लांबला. बाईंच्या मते विषय मिटला होता, कारण मुलगा स्वतःच ‘कोणी नाही’ म्हणाला होता. आईला वाटत होतं की शाळा बघते आहे. मुलाला दिसलं एवढंच, की मोठ्यांना सांगितलं की दुखणं वाढतं. मधले जवळजवळ तीन आठवडे त्याच्याशी या विषयावर कोणीही बोललं नाही.

सांगून झालं, सोसून झालं, आता उरला हात. मुलं या निष्कर्षाला येतात ती वाईट वळणाची असतात म्हणून नव्हे. बाकीचे रस्ते आपण एकेक करून बंद केलेले असतात.

बाटलीचा दिवस

त्या दिवशी नेहमीसारखंच झालं. पट्टा धरला, वाट अडवली. म्होरक्याने त्याची चित्रांची वही काढून घेतली आणि एकेक पान फाडून जिन्यावरून खाली सोडायला लागला. मुलाच्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती. त्याने ती फिरवली.

पहिला फटका पट्टा धरणाऱ्या साथीदाराच्या दंडावर बसला. त्याने पट्टा सोडला. दुसरा साथीदार घाबरून भिंतीला टेकला. खाली जायचा जिना मोकळा झाला. मुलाने स्वतः मला सांगितलं की ती मोकळी वाट त्याला दिसली होती. तो दोन पायऱ्या उतरला, वळला, परत वर आला आणि म्होरक्याच्या तोंडावर बाटली मारली. ओठ फाटला. टाके घालावे लागले.

बघणाऱ्यांपैकी एकाने मोबाईलवर चित्रण केलं होतं. ते सुरू होतं मुलगा पायऱ्या चढून वर येतो तिथून. त्याआधीचं काहीच त्यात नाही. ना पट्टा, ना फाडलेली पानं, ना पहिला फटका. संध्याकाळपर्यंत ती काही सेकंदांची क्लिप वर्गाच्या ग्रुपवर फिरली आणि तिच्याखाली ‘सायको’ असं लिहिलेलं होतं.

पहिल्या भेटीत मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला त्याला मारायचं नव्हतं. मला तिथून जायचं होतं.’ थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मला मारायचंच होतं.’

शिक्षेची बैठक

या प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होता, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

बैठकीत मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि मी होतो. टेबलावर पुरावा एकच, ती क्लिप. मुख्याध्यापिकांचं पहिलं मत असं होतं की दोघांनाही सारख्याच दिवसांसाठी शाळेतून निलंबित करावं. ‘टाळी एका हाताने वाजत नाही,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य शाळाशाळांत ऐकू येतं आणि ते न्यायाचं वाटतं. मारामारीला ते लागू आहेही. पण महिनोन्महिने चालणारी दादागिरी ही एकाच हाताची गोष्ट असते. दुसरा हात धरून ठेवलेला असतो.

सारख्या शिक्षेचा परिणाम कधीच सारखा होत नाही. म्होरक्यासाठी ती एका दिवसाची किंमत ठरते. मुलासाठी ती आजवर त्याला जे वाटत आलं त्यावर शाळेने मारलेला शिक्का ठरते : कोणी बघत नाही, आणि बघितलं तर तेवढंच बघतात. वर्गालाही त्यातून धडा मिळतो, तो असा की सोसणारा आणि छळणारा शाळेला सारखेच दिसतात. मी हे बैठकीत जोर लावून मांडलं.

पीटीचे सर दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्या मते मुलाने बरोबर केलं, त्याला शिक्षा कसली? त्यांची कळकळ मला समजत होती, तरी मला ते मान्य नव्हतं. स्टीलची बाटली तोंडावर बसली तर दात पडतात, डोळा जातो. जिन्याच्या वळणावर तोल गेला तर डोकं फुटतं. इथे दोन-चार टाक्यांवर भागलं हा योगायोग.

मी बैठकीत एकच मागणी केली : दोन फटके वेगळे मोजा. पहिल्या फटक्याच्या वेळी मुलाला धरून ठेवलेलं होतं, वाट बंद होती, त्याने सुटण्यापुरता जोर लावला आणि तो सुटला. दुसऱ्याच्या वेळी धोका संपला होता आणि तो परत फिरला. मोठ्यांसाठीच्या कायद्यातही अनेक देशांत स्वसंरक्षणाची कसोटी हीच असते : धोका असेपर्यंत, आणि तो टळावा एवढाच जोर. बारा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात ही रेघ काटेकोर पाळावी अशी अपेक्षा मी करणार नाही. पण ती रेघ आहे हे त्याला सांगणं आणि शिक्षा ठरवताना आपण स्वतः ती पाळणं, हे मोठ्यांचं काम आहे.

मुख्याध्यापिकांनी निर्णय दोन दिवस पुढे ढकलला आणि त्या दोन दिवसांत जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलायचं ठरलं. हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय होता आणि तो त्यांचा होता. क्लिपच्या आधीची गोष्ट त्या मुलांकडून बाहेर आली. कोणी फाडलेली पानं उचलून ठेवली होती. एका मुलीने चारचौघांसारखं साधं वाक्य सांगितलं, ‘रोजच असतं ते, बाई. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे.’

समोर असलेले पर्याय

वडिलांना मुलाला कराटेच्या वर्गाला घालायचं होतं. व्यायाम म्हणून, ताठ उभं राहण्यासाठी, श्वास सांभाळण्यासाठी असा वर्ग चांगलाच. पण त्रासावरचा उपाय म्हणून घातलं तर मुलाला संदेश जातो की हे तुझं तू निस्तर, आणि जिंकला नाहीस तर दोष तुझा. बेकी कॉचेंडर्फर आणि गॅरी लॅड यांनी १९९७ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात मुलग्यांबद्दल असं दिसलं होतं की उलट मारामारी करणाऱ्यांचा त्रास पुढे चालू राहिला, आणि ज्यांच्या मदतीला मित्र आला त्यांचा कमी झाला. वयोगट वेगळा, पण या वर्गात जे दिसत होतं त्याच्याशी हे जुळत होतं.

आईला शाळाच बदलायची होती. मूल खचलेलं असेल, शाळा ऐकतच नसेल, तर हा रस्ता लाजिरवाणा अजिबात नाही. इथे मुलाने स्वतः नाही म्हटलं. ‘मी का जायचं?’ हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. जुने मित्र असलेल्या तुकडीत बदली हा मधला मार्ग आम्ही राखून ठेवला.

वर्गशिक्षिकांनी सुचवलं की दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू. याला मी ठाम विरोध केला. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर समेट उपयोगी पडतो. जिथे एकाला दुसऱ्याची धास्ती आहे तिथे मोठ्यांच्या देखत मिळवलेला हात हा धास्तीचाच पुढचा प्रयोग असतो. मुलगा हो म्हणाला असता, कारण ‘नाही’ म्हणायची त्याची हिंमत तोवर शिल्लक नव्हती.

म्होरक्याला शाळेतून काढून टाका, अशी मागणी काही पालकांकडून आली. ती मान्य झाली असती तर मुलगा त्या काढण्याला कारणीभूत ठरला असता, आणि हसणारा वर्ग होता तसाच राहिला असता.

उरला सगळ्यात किचकट पर्याय : जागा बदला, प्रेक्षक बदला, आणि मुलाला सुटायला शिकवा.

प्रत्यक्षात काय केलं

शिक्षा अशी ठरली. म्होरक्या आणि दोघा साथीदारांनी इतक्या महिन्यांत केलेल्या गोष्टींची लेखी नोंद झाली, तिघांच्या पालकांना ती एकेकाला वेगळी बोलावून वाचून दाखवली, आणि म्होरक्याला शाळेच्या संघातून त्या सत्रापुरतं बाहेर ठेवलं. मुलाच्या नावावर फक्त दुसरा फटका नोंदवला. त्याबद्दल त्याने लेखी माफी मागायची होती. त्याने लिहिलं, ‘पहिल्या फटक्याबद्दल मी माफी मागत नाही. दुसऱ्याबद्दल मागतो. तुझा ओठ बरा होवो.’ मुख्याध्यापिकांना पहिलं वाक्य काढून टाकावंसं वाटत होतं. बरीच चर्चा होऊन ते राहिलं.

म्होरक्या आणि साथीदारांशी मी वेगवेगळं बोलले, एकत्र कधीच नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांनी मांडलेल्या पद्धतीत टोळीतल्या मुलांना एकेकटं भेटण्यावर भर आहे, आणि त्यामागचं कारण इथे लगेच दिसलं. एकत्र असताना तिघं एकाच सुरात बोलायचे. एकटा आल्यावर पट्टा धरणारा साथीदार रडला. तो म्हणाला, मी धरलं नसतं तर पुढच्या वेळी माझा पट्टा धरला असता. त्याच्या दंडावरचा काळानिळा डाग अजून गेला नव्हता.

वर्गाचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं होतं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की अशा प्रकारात वर्गातल्या जवळपास प्रत्येक मुलाची काही ना काही भूमिका असते. कोणी साथ देतो, कोणी हसून चेतवतो, कोणी नजर चुकवून निघून जातो, कोणी पीडिताची बाजू घेतो. तिथल्या ‘किवा’ नावाच्या, शाळांतली दादागिरी रोखण्याच्या कार्यक्रमाचा पाया हाच आहे. कॅनडातल्या हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी २००१ मध्ये शाळांच्या मैदानांवरचं चित्रण तपासलं, तेव्हा ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण ज्या वेळी ती मध्ये पडली, त्यांपैकी ५७ टक्के वेळा त्रास १० सेकंदांत थांबला.

हे आकडे मी मुलांसमोर ठेवले नाहीत. त्यांना एवढंच विचारलं की जिन्यावर हे चाललं असताना न मारता, न भांडता, तुम्ही काय करू शकला असता. उत्तरं त्यांचीच होती. ‘चल रे, उशीर होतोय’ असं म्हणून त्याला हाताला धरून न्यायचं. हसायचं नाही. खाली पीटीच्या सरांना हाक मारायची. नंतर जाऊन ‘ठीक आहेस ना’ विचारायचं. जी मुलं आधीपासून थोडी धीट होती अशा तिघा-चौघांशी वर्गशिक्षिका वेगळं बोलल्या आणि शाळा सुटताना मुलाबरोबर जिना उतरायला सांगितलं. मागच्या जिन्याच्या वळणावर शाळा सुटण्याच्या वेळी एक शिक्षक उभा राहू लागला. इतक्या साध्या गोष्टीला सत्र उलटावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

क्लिपसाठी पालकांची वेगळी बैठक झाली. ग्रुपवरून ती काढायला लावली. ज्याने चित्रण केलं त्याला शिक्षा केली नाही, पण त्याच्या मोबाईलमध्ये आधीचं काही चित्रण आहे का हे विचारल्यावर एक जुनी क्लिप सापडली. तिच्यात मुलगा भिंतीला टेकून ते वाक्य म्हणतो आहे आणि मागे हसण्याचा आवाज आहे. मुख्याध्यापिकांनी ती एकदाच पाहिली. त्यानंतर टाळीचं वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

मुलाबरोबर आम्ही सुटण्याचा सराव केला. पीटीच्या सरांनी त्याला मनगट सोडवायला शिकवलं : पकडीत सगळ्यात कच्ची जागा अंगठ्याची, तिकडे मनगट फिरवून झटका द्यायचा. दप्तराचा पट्टा कोणी धरला तर खांदा काढून घ्यायचा, दप्तर त्यांच्या हातात राहू दे. पोटातून आवाज काढून ‘सोड मला!’ ओरडायचं, म्होरक्याचं नाव घेऊन ओरडायचं, म्हणजे ते दूरवर ऐकू जातं. आणि सुटलास की माणसांच्या दिशेने पळ. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड गेलं. सुटल्यावर परत फिरायची ओढ किती असते हे त्याने मला स्वतःच सांगितलं. हातपाय थरथरत असताना, काही महिन्यांचा राग एकदम वर आलेला असताना, पाठ फिरवून जाणं त्याला हरल्यासारखं वाटत होतं. आम्ही त्यावर बरेचदा बोललो. त्याला पटलं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण सरावात तो पळत जायला लागला.

निष्पत्ती

बाटलीच्या दिवसानंतर काही आठवडे मुलाला कोणीही हात लावला नाही. वडील याकडे बोट दाखवतात आणि ते खोटं नाही. मारलं म्हणून घाबरले, एवढं खरं. पण त्याच आठवड्यांत ‘सायको’ हे नाव सगळ्या शाळेत पसरलं, त्याच्या शेजारी बसायला मुलं कचरायला लागली, आणि म्होरक्याच्या मोठ्या भावाचे मित्र शाळेबाहेर त्याची वाट बघत थांबले होते. त्या दिवशी जिना उतरताना बरोबर असलेल्या मुलांपैकी एकीने सरांना हाक मारली म्हणून पुढचं टळलं. शारीरिक त्रास थांबवणारी गोष्ट बाटली होती की जिन्यावरचा शिक्षक आणि बरोबरची मुलं, यावर वडिलांचं आणि माझं आजही एकमत नाही.

वर्षाअखेर जिन्यावरचा प्रकार पूर्ण बंद होता. चिडवणं बंद व्हायला जास्त वेळ लागला, ‘सायको’ तर पुढच्या सत्रातही अधूनमधून ऐकू यायचं. मुलाला एक नवा मित्र मिळाला, तो पट्टा धरणारा साथीदारच. हे आम्ही घडवून आणलेलं नव्हतं. दुसरा साथीदार मात्र पाचवीतल्या एका मुलाच्या मागे लागला. वर्गशिक्षिकांनी तोपर्यंत तारीख, जागा, कोण होतं, काय झालं अशी रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली होती, म्हणून ते दुसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं.

म्होरक्याबद्दल ठामपणे काही लिहिता येत नाही. संघात परत आला, खेळतो. प्रेक्षक कमी झाले तेव्हा गंमतही कमी झाली, एवढं दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

आईची तक्रार पहिल्याच दिवशी लेखी घ्यायला हवी होती, तारखांसकट. तोंडी तक्रार कोणाच्याच जबाबदारीची राहत नाही. मुलाला वर्गाबाहेर, एकट्याला, इतरांना संशय येणार नाही अशा निमित्ताने बोलावून विचारायला हवं होतं. आणि तक्रारीनंतर दोन-तीन दिवसांत कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं की आम्ही हे हे केलं, पुढे हे करणार आहोत, पुन्हा झालं तर थेट माझ्याकडे ये. मधले जवळजवळ तीन आठवडे त्याने जे मौन ऐकलं, त्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला.

घरी दोन सल्ल्यांच्या मध्ये तिसरा सल्ला द्यायला जागा होती. दुर्लक्ष शक्य नाही आणि हल्ला करायचा नाही, पण तुला कोणी धरून ठेवलं तर सुटण्यासाठी तू अंगातली सगळी ताकद लाव, आरडाओरडा कर, ढकल, आणि त्याबद्दल घरात तुला कोणी एक शब्द बोलणार नाही. माझ्या मते प्रत्येक मुलाला एवढी मुभा स्पष्ट शब्दांत मिळायला हवी. ‘हात उचलायचाच नाही’ असं बजावलेलं मूल धरून ठेवल्यावर गोठतं, किंवा इथल्यासारखं साठवत जातं आणि मग हातात असेल ते फिरवतं. आणि ‘एक ठेवून दे’ असं सांगितलेलं मूल सुटल्यावरही परत फिरतं, कारण मारल्याशिवाय वडिलांना काय सांगणार? मुलाने हे मला याच शब्दांत सांगितलं.

शाळेने तुकड्या पाडताना प्रत्येक मुलाचा निदान एक मित्र त्याच्याबरोबर राहील एवढं बघितलं असतं, तर कदाचित हे प्रकरण कंपासपेटीपाशीच थांबलं असतं. या वर्षीपासून तिथे तुकड्या पाडण्याआधी मुलांकडून तीन नावं लिहून घेतात. वर्गशिक्षिकांनी हे सुचवलं. मुलाच्या नावावरची दुसऱ्या फटक्याची नोंद सातवीच्या अखेरीस काढून टाकायची की ठेवायची, हा विषय मुख्याध्यापिकांकडे आहे. म्होरक्याची नोंद राहणार असेल तर त्याचीही राहावी, असं मुलाचं म्हणणं आहे. आईने मात्र ती काढावी म्हणून अर्ज दिला आहे.